तीन इमारती, दीडशे कॉम्प्युटर: नोंद कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवावी?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शिक्षणसंस्थेच्या तीन इमारती, दीडशे डेस्कटॉप, तीसेक लॅपटॉप, शिवाय प्रिंटर, यूपीएस, प्रोजेक्टर. आज सगळं एका एक्सेल शीटमध्ये आहे, आता फुकट आणि सोपं सॉफ्टवेअर हवंय.

स्नाइप-आयटी घ्या. कुठली वस्तू कोणाकडे आहे याची नोंद ठेवणारं हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत (ओपन सोर्स) आहे आणि वेब ब्राउझरमध्ये चालतं. उबुंटू (फुकट मिळणारी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलेल्या, ४ जीबी रॅमच्या एखाद्या पडून असलेल्या डेस्कटॉपवरही तुमच्याएवढ्या पसाऱ्याला ते पुरतं. जीएलपीआय या दुसऱ्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचं नावही कानावर येईल. प्रत्येक मशिनवर त्याचा एजंट (माहिती पाठवणारा छोटा प्रोग्रॅम) बसवला की रॅम, डिस्क, आत टाकलेली सॉफ्टवेअरं हे सगळं आपोआप गोळा होतं. पण ‘मशिनच्या आत काय आहे’ आणि ‘मशिन कोणाच्या ताब्यात आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमची अडचण दुसऱ्या प्रश्नाची दिसते, आणि प्रोजेक्टर किंवा यूपीएसवर कुठला एजंट बसणार? नेटबॉक्स सुचवणारेही भेटतील. ते सर्व्हरचे रॅक आणि नेटवर्क यांच्या नोंदीसाठी आहे, इथे त्याचं काम नाही.

स्नाइप-आयटी नेटवर्कवरून स्वतःहून काही शोधत नाही, तुम्ही भराल तेवढंच त्याला कळतं. म्हणून खरी मेहनत आधीची शीट साफ करण्यात आहे. रकाने इतकेच ठेवा: टॅग क्रमांक (वस्तूवर चिकटवायच्या लेबलावरचा), प्रकार, कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर, खरेदीची तारीख, बिल नंबर, किंमत, वॉरंटी (महिन्यांत), ठिकाण, कोणाकडे, स्थिती. एका ओळीत ‘एचपी’ आणि दुसरीत ‘हेवलेट पॅकार्ड’ लिहिलं असेल तर शीट स्नाइप-आयटीत आयात करताना दोन कंपन्या तयार होतात, आणि मागाहून त्या एक करत बसावं लागतं. सिरीयल नंबरच्या रकान्याला नंबर टाकण्याआधीच टेक्स्ट फॉरमॅट द्या. नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात. नंबरात आकड्यांच्या मधोमध एकटा ‘ई’ असेल तर एक्सेल त्याला दहाचा घात समजून भलतंच काही दाखवतं, आणि एकदा सेव्ह झालं की मूळ नंबर परत मिळत नाही. मराठी नावं असतील तर एक्सेलमधून फाइल ‘यूटीएफ-८ सीएसव्ही’ (मराठी अक्षरं टिकवणारा साधा मजकूर) म्हणूनच सेव्ह करा. सगळ्या ओळी एकदम चढवू नका. आधी दहा चढवून बघा.

असेंबल केलेल्या पीसींची एक गंमत आहे. सिस्टिमला सिरीयल विचारला की बऱ्याचदा ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ (म्हणजे ‘हे उत्पादकाने भरायचं आहे’) असं उत्तर येतं. ते तसंच उतरवलं तर वीस मशिनांचा सिरीयल एकच होतो. तिथे रकाना कोरा ठेवा, ओळख टॅगवरच राहू द्या. टॅगमध्ये इमारत किंवा विभाग गुंफू नका, कारण मशिन हलतात. ‘लॅब२-०१४’ प्राचार्यांच्या टेबलावर पोचला की तो टॅग खोटं बोलू लागतो. साधा चालू क्रमांक बरा. जुन्या जडवस्तू संग्रह नोंदवहीतला (डेड स्टॉक रजिस्टरमधला) अनुक्रमांक मात्र वेगळ्या रकान्यात जरूर घ्या, ऑडिटच्या वेळी तोच विचारतात.

लेबलं छापायच्या आधी सर्व्हरचा पत्ता कायमचा ठरवा. स्नाइप-आयटीच्या क्यूआरमध्ये साधारणपणे त्या वस्तूच्या पानाचा पूर्ण वेब पत्ता असतो. आयपी पत्त्यावर (नेटवर्कवरच्या आकडी पत्त्यावर) दोनशे लेबलं छापली आणि पुढे सर्व्हरचा आयपी बदलला, की सगळे क्यूआर वाया. म्हणून राउटरवर किंवा स्थानिक डीएनएसमध्ये (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेत) सर्व्हरसाठी एक नाव नेमा आणि तेच स्नाइप-आयटीच्या ‘एनव्ही’ (.env) या सेटिंगच्या फाइलमधल्या अ‍ॅप-यूआरएलमध्ये घाला. लेबल पॉलिएस्टरचं घ्या, शाईची रिबन वापरणाऱ्या लेबल प्रिंटरवर छापलेलं. साधा थर्मल कागद उन्हाने आणि उष्णतेने काही महिन्यांत वाचेनासा होतो. डेस्कटॉपला ते पुढच्या बाजूला लावा, बाजूच्या पत्र्यावर नको. दुरुस्तीत पत्रे अदलाबदल होतात. लॅपटॉपच्या चार्जरलाही त्याच क्रमांकाचं लेबल लावा.

लॅबमधली मशिनं व्यक्तीच्या नावावर न देता ठिकाणाच्या नावावर चेकआउट करा (म्हणजे ताब्यात दिल्याची नोंद करा), लॅपटॉप मात्र नेहमी व्यक्तीच्या. माउस-कीबोर्डला टॅग देत बसू नका. ते ‘अ‍ॅक्सेसरी’ म्हणून नुसत्या संख्येने ठेवा, टोनर ‘कन्झ्युमेबल’ म्हणून. भंगारात गेलेली वस्तू डिलीट करू नका. स्थिती ‘आर्काइव्ह्ड’ करा, निर्लेखनाचा (वस्तू नोंदवहीतून कमी करण्याचा) ठराव आणि रिसायकलरची पावती तिथेच जोडून ठेवा. घसाऱ्याचं काम सीएंकडेच राहू द्या. प्राप्तिकराच्या हिशोबात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा शिल्लक मूल्यावर धरतात, तर स्नाइप-आयटी मूळ सेटिंगमध्ये सरळ रेषेने, म्हणजे दर वेळी सारखीच रक्कम वजा करत मोजतं. आकडे जुळणार नाहीत.

वॉरंटी संपत आल्याचे ईमेल येत नाहीत अशी तक्रार बरेच जण करतात. बहुतेक वेळा क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीत) स्नाइप-आयटीच्या शेड्युलरची ओळ घातलेली नसते, नाहीतर एसएमटीपी (ईमेल पाठवणाऱ्या सर्व्हरची माहिती) भरलेलं नसतं. आणि बॅकअप घेताना नुसता डेटाबेस पुरत नाही. ‘एनव्ही’ फाइलमधली अ‍ॅप-की वेगळी जपून ठेवा. ती किल्ली हरवली तर एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे सांकेतिक रूपात जपलेले रकाने उघडत नाहीत. बॅकअप त्याच जुन्या डेस्कटॉपच्या डिस्कवर ठेवू नका, दर आठवड्याला दुसऱ्या इमारतीत कॉपी करा.

सुरुवात एका लॅबपासून करा. तीस मशिनांना लेबल लावा, मोबाइलने स्कॅन करून प्रत्येकीचं पान उघडतंय का बघा, मगच उरलेल्या लेबलांची ऑर्डर द्या.