‘स्त्रियांसाठी’ आलेली मदत आणि स्त्रियांच्या संस्थेला मिळालेली मदत

प्रश्न : ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या महिला मंडळाने निवारा केंद्रातील स्वयंपाकघर चालवले आणि एकट्या व आजारी स्त्रियांच्या याद्या तयार केल्या. बाहेरून आलेल्या संस्थांनी आमच्याकडून वस्तूंचे वाटप करून घेतले, एकच पाहणी चौघांनी चार वेळा केली. मंडळाला मात्र प्रवासखर्चही मिळाला नाही. संकटात स्त्रियांच्या संस्थांना किती मदत मिळते याची नोंद कोणी ठेवते का? आणि या सगळ्यात मेळ घालणे हे कोणाचे काम?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : नोंद ठेवली जाते, परंतु तुम्ही जे विचारत आहात ते तिच्यातून सहसा कळत नाही. श्रीमंत देशांच्या विकास-मदतीचा हिशेब ठेवणाऱ्या ओईसीडी या संघटनेच्या वर्गवारीत १५१७० क्रमांकाचे एक शीर्ष आहे, मात्र त्यात स्त्री-हक्क संघटना आणि स्त्रियांविषयीची सरकारी कार्यालये एकत्रच मोजली जातात. शिवाय भूकंप-पुराचा पैसा बहुधा आपत्कालीन मदतीच्या वेगळ्याच शीर्षाखाली लिहिला जातो. मदतसंस्थांनी २०१८ पासून वापरात आणलेले लिंगभाव-मानांकन प्रकल्पाच्या आखणीत स्त्री-पुरुषांच्या वेगवेगळ्या गरजांचा विचार झाला आहे का, हे तपासते. पैसा शेवटी कोणाच्या खात्यावर गेला, हे ते सांगत नाही. त्यामुळे एखादी मोठी संस्था तुमच्या गावात स्त्रियांना साहित्य वाटते, तेव्हा ‘स्त्रियांसाठी’ खर्च झाल्याची नोंद होते आणि ते वाटणारे मंडळ कागदावर कोठेच उरत नाही. मे २०१६ मध्ये इस्तंबूल येथील परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि मदतसंस्थांनी २०२० पर्यंत २५ टक्के निधी शक्य तितक्या थेटपणे स्थानिक संस्थांकडे पोहोचवण्याचे मान्य केले होते. ते साधले नाही, आणि त्या २५ टक्क्यांतही स्त्रियांच्या संस्थांचा वाटा वेगळा ठरवलेला नव्हता.

मेळ घालण्याची जबाबदारी आपल्याकडे स्पष्ट आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि तळागाळातील स्वयंसेवी संस्थांना सहभागी करून घेणे हे त्या प्राधिकरणाच्या कामांपैकी एक आहे. म्हणून पूर येण्याची वाट न पाहता, उन्हाळ्यातच मंडळाच्या नावाची व कामाची नोंद जिल्हा आराखड्यात व्हावी, असा लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. बैठक कोठे व कोणत्या भाषेत होते, हेही क्षुल्लक समजू नये. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीमध्ये समन्वयाच्या अनेक बैठका संयुक्त राष्ट्रांच्या पहाऱ्यातील आवारात आणि इंग्रजीत होत. क्रेओल ही तेथील लोकभाषा बोलणाऱ्या स्थानिक संस्था साहजिकच बाहेर राहिल्या.

मदतीच्या कामावर देखरेख कोणी करावी, याचे एक उदाहरण मात्र आपल्याच मराठवाड्यात आहे, आणि मला ते या सर्व मानांकनांहून मोलाचे वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदे हे मनुष्यहानीचे मोठे कारण ठरले. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन सुरू झाल्यावर, ज्या गावांत घरे दुरुस्त व मजबूत करायची होती तेथे प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे लोकसहभागाचे काम आले आणि गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. अनुदानाचा हप्ता का अडला, भिंत सांगितल्याप्रमाणे बांधली जाते आहे का, विधवेचे नाव यादीत आले का, हे विचारण्याचा अधिकार त्यामुळे गावातल्याच बाईकडे आला आणि अभियंत्याला तिला उत्तर द्यावे लागू लागले. एरवी स्त्रियांच्या संस्थांवर देखरेख म्हणजे त्यांच्याकडून पावत्या मागणे, एवढाच अर्थ घेतला जातो. येथे त्या स्वतः देखरेख करणाऱ्या झाल्या. २००१ मध्ये कच्छचा भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच स्त्रिया तिकडच्या स्त्रियांना अनुभव सांगण्यासाठी गेल्या होत्या.

तुमच्यापुरते सांगायचे तर पुढच्या वेळी बाहेरच्या संस्थेशी काम सुरू होण्यापूर्वीच एक पानभर लेखी करार करावा : मंडळाचे नाव अहवालात येईल, इंधन, प्रवास आणि स्वयंपाकाच्या श्रमांचा मोबदला मिळेल, आणि पाहणीची एक प्रत मंडळाकडे राहील. ही प्रत हाती असली की दुसऱ्या पाहणीला आलेल्यांपुढे तीच ठेवता येते.

प्रश्न : परदेशी देणगी मिळणारी मोठी संस्था त्यातील रक्कम आमच्या मंडळाला वर्ग करू शकते का?
— त्याच वाचक

उत्तर : नाही. परदेशी देणगी नियमन कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम दुसऱ्या कोणत्याही संस्थेला देता येत नाही, मग त्या संस्थेची त्याच कायद्याखाली नोंदणी असली तरीही. या तरतुदीचा फटका लहान मंडळांना सर्वाधिक बसला, असे माझे मत आहे. देशांतर्गत देणग्यांना ही अट लागू नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून काम मिळवायचे असल्यास एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ या अर्जाद्वारे संस्थेची सरकारी नोंदणी आवश्यक झाली आहे. ती करण्याआधी सनदी लेखापालाकडून मंडळाची प्राप्तिकर कायद्याखालील नोंदणी तपासून घ्यावी.