४० महिने की ८२? कर्ज फिटण्याचा खरा हिशेब

तुम्ही लिहिलंय की क्रेडिट कार्डावर १,००,००० थकलेत, व्याज वर्षाला २४ टक्के, आणि महिन्याला २,५०० भरताय. शिवाय मित्राकडून ६०,००० हातउसने घेतलेत, बिनव्याजी, त्याला महिन्याला ३,००० देताय. एक लाख भागिले अडीच हजार, म्हणजे ४० महिन्यांत मोकळे होऊ, असा तुमचा अंदाज.

मित्राच्या पैशांना हा भागाकार लागू पडतो: २० महिने. कार्डाला नाही. तिथे याच हप्त्याने ८२ महिने लागतील आणि एकूण दोन लाखांच्या वर पैसे जातील. वाईट वाटेल, पण आत्ताच कळलेलं बरं. मीही असाच भागाकार करून घरच्यांना कर्ज संपण्याचा महिना सांगून ठेवला होता. तो महिना उजाडला तेव्हा निम्म्याहून जास्त मुद्दल शिल्लक होतं. त्या संध्याकाळी घरी काय सांगायचं हेच सुचत नव्हतं, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

वर्षाला २४ म्हणजे महिन्याला २ टक्के. एक लाखावर पहिल्या महिन्याचं व्याज २,०००. तुमच्या २,५०० मधले फक्त ५०० मुद्दलात जातात. पुढच्या महिन्यात बाकी ९९,५००, व्याज १,९९०, मुद्दलात ५१०. म्हणून एकूण बाकीपेक्षा हप्ता व्याजाच्या किती वर आहे हे आधी बघा. हप्ता २,००० असता तर कर्ज कधीच फिटलं नसतं. ३,००० केलात तर ५६ महिने, ४,००० केलात तर ३६. अडीच हजारांवर फक्त ५०० वाढवले की २६ महिने वाचतात.

एक्सेलमध्ये चार रकाने करा: सुरुवातीची बाकी, त्या महिन्याचं व्याज, भरलेला हप्ता, शेवटची बाकी. शेवटची बाकी पुढच्या ओळीत सुरुवातीला घ्या आणि शून्य येईपर्यंत खाली ओढत न्या. एनपीईआर (NPER) नावाचं सूत्र महिन्यांचा आकडा एका फटक्यात देतं, पण मी तक्ताच करायला सांगेन. एखाद्या महिन्यात जास्त भरले तर तारीख किती अलीकडे येते, ते तक्त्यात दिसतं. दर महिन्याला स्टेटमेंटवरची खरी बाकी त्यात टाका, अंदाजाने टाकू नका.

आता तुमच्याच आकड्यांत एक चांगली गोष्ट आहे. मित्राचे पैसे २० महिन्यांत फिटले की त्याचे ३,००० मोकळे होतात. तेव्हा कार्डावर साधारण ८७,८५० बाकी असेल. ते ३,००० घरखर्चात विरू न देता कार्डाकडेच वळवले, म्हणजे महिन्याला ५,५०० भरले, तर पुढच्या २० महिन्यांत कार्ड संपतं. एकूण ४० महिनेच! तुमची तारीख चुकीच्या हिशेबातून आली होती, पण गाठता येण्यासारखी आहे.

मित्र थांबायला तयार असेल तर पहिल्यापासून सगळे ५,५०० कार्डात घाला. कार्ड २३ महिन्यांत जाईल, मित्राचे पैसे ३४ व्या महिन्यापर्यंत. पण हे त्याला स्पष्ट विचारून, तारीख ठरवूनच करा. त्याला गरज असेल तर सहा महिने वाचवण्यासाठी मैत्री ताणू नका, असं माझं मत आहे.

कार्डाच्या बिलावर छापलेली किमान रक्कम भरण्याची सवय मात्र सोडा. बाकी कमी होते तशी तीही कमी होते, आणि तारीख लांबत जाते. किमान रक्कम बाकीच्या ५ टक्के धरली, तर तुमच्या व्याजदराने दोन वर्षांनंतरही सुमारे ४७ टक्के कर्ज उरतं. आकडा एकदा ठरवा आणि तोच भरत राहा. कार्डावर नवी खरेदीही थांबवा. मागची बाकी असताना नव्या खरेदीवर बहुतेक कार्डांत पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, आणि मग वरचा एकही आकडा खरा राहत नाही.

पुढे हे फेडायला दुसरं कर्ज घ्यावंसं वाटलं तर दर फ्लॅट आहे (व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच) की घटत्या बाकीवर (व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर), हे आधी विचारा. तीन वर्षांच्या कर्जाला फ्लॅट १२ टक्के म्हणजे घटत्या बाकीवर जवळपास २१ टक्के पडतात.

शेवटच्या महिन्यात स्क्रीनवरची बाकी भरून थांबू नका. व्याज रोज चढतं, त्यामुळे थोडी रक्कम मागे राहते आणि त्यावर पुन्हा आकार लागतात. खातं बंद करण्याची त्या दिवसाची नेमकी रक्कम विचारा, ती भरा आणि येणं बाकी नसल्याचं पत्र लेखी घ्या.