कादंबरीच्या फाइल्स फक्त गूगल ड्राइव्हवर आहेत, तेवढं पुरेसं आहे का?

नाही, तेवढ्यावर विसंबू नका. फोल्डर सिंक होत असेल तर लॅपटॉपवर चुकून पुसलेलं प्रकरण ड्राइव्हवरूनही जातं. ट्रॅशमध्ये ते 30 दिवस राहतं, पण चूक दोन महिन्यांनी लक्षात आली तर?

3-2-1 पाळा: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर दर आठवड्याला कॉपी करा आणि लगेच केबल काढा; जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर (फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) तीही लॉक करू शकतं. लिहून उठताना 'प्रकरण7-14मार्च' अशा नव्या नावाने फाइल सेव्ह करा. मी रागाने खोडलेला एक अख्खा संवाद मला अशाच जुन्या फाइलमध्ये परत मिळाला.

लॅपटॉपला बिटलॉकर (विंडोज) किंवा फाइलव्हॉल्ट (मॅक), म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी सोय, आणि ईमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) चालू करा. डिस्कचं कुलूप अडलं तर उघडणारी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. आणि बॅकअपमधली फाइल अधूनमधून खरंच उघडून बघा.