वस्तीवरचं कमी व्होल्टेज: स्टॅबिलायझर नंतर, तार आधी

प्रश्न: वस्तीवर संध्याकाळी व्होल्टेज 160 वर येते. एक एचपीची मोटर नुसती हुं करते, इन्व्हर्टरची बॅटरी वर्षभरात बसली. दुकानदार पाच केव्हीएचा स्टॅबिलायझर आणि 220 एएचची (एएच म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप) बॅटरी घ्या म्हणतो. घ्यावी का?

उत्तर: दोन्ही घेऊ नका. आधी मोजा.

मोटर चालू ठेवून मीटरपाशी आणि घरात, दोन्हीकडे व्होल्टेज बघा. मोटर बंद असतानाचा आकडा कामाचा नाही. मीटरवर 215 आणि घरात 190 दिसले तर दोष तुमच्या तारेचा. मीटरपासून 100 मीटरवर घर आणि मध्ये अडीच चौरस मिमीची अ‍ॅल्युमिनियम तार, हे बऱ्याच वस्त्यांवर दिसतं. या तारेत मोटारीच्या 7 अँपिअर प्रवाहाला सुमारे 17 व्होल्ट वाटेतच जातात. मोटर सुरू होताना प्रवाह कितीतरी पट वाढतो, तेव्हा तर मोटारीला पुरेसं उरत नाही. दहा चौरस मिमीची अ‍ॅल्युमिनियम केबल टाका, तीच घट चार-साडेचार व्होल्टवर येते.

मोटर लावल्यावर बल्ब मंद होण्याऐवजी प्रखर झाला, किंवा तुमच्याकडे 150 आणि शेजारी 290, तर न्यूट्रल (विजेची परतीची तार) सैल आहे. मेन स्विच पाडा, वीज कंपनीच्या 1912 वर तक्रार द्या. अर्थिंगला न्यूट्रल करून दिवे लावायचा उद्योग नको, जीव जातो.

मीटरवरच 160 असेल तर बहुधा डीपीवर (तुमच्या भागाच्या ट्रान्सफॉर्मरवर) भार जास्त आहे. स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही! 160 चे 230 करताना तो लाइनमधून जवळपास दीडपट प्रवाह ओढतो, लाइन आणखी खाली बसते, मग शेजारी स्टॅबिलायझर आणतो. यात फायदा एकट्या दुकानदाराचा.

खरा उपाय त्याच डीपीवरच्या शेतीपंपांना कपॅसिटर. मोटारीला लागणारा काही प्रवाह तो जागेवरच पुरवतो, म्हणून लाइनवरचा भार घटतो. माप असं: 3 एचपीला 1 केव्हीएआर (कपॅसिटरच्या क्षमतेचं एकक), 5 एचपीला 2, साडेसातला 3. स्टार्टरच्या पुढे, मोटारीच्या बाजूला जोडा, म्हणजे मोटारीबरोबर तोही लाइनवरून सुटेल. ‘मोठा लावा, व्होल्टेज जास्त येईल’ हा दुकानी सल्ला ऐकू नका. प्रमाणाबाहेरच्या कपॅसिटरने मोटर बंद होताना दाब उसळतो आणि वाइंडिंग जातं. औषधाचा डोस वाढवल्यासारखंच हे. आणि वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच काढा. वीज येताक्षणी वीस मोटारी एकदम उठल्या की डीपीचे फ्यूज उडणारच. वीज आल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, एकेक मोटर लावा. गहू-कांद्याच्या पाळीत तर हे पाळाच. एकट्याने कपॅसिटर लावून भागत नाही, डीपीवरच्या सगळ्यांनी लावायचे.

आता बॅटरी. इन्व्हर्टरच्या मागचा स्विच बघा. तो ‘यूपीएस’वर असेल तर साधारण 180 च्या खाली इन्व्हर्टर लाइन सोडतो आणि बॅटरीवर जातो. म्हणजे वीज असूनही बॅटरी रिकामी होते. बॅटरी बहुधा यानेच बसली. स्विच ‘नॉर्मल’वर करा, काही कंपन्या त्याला ‘वाइड’ म्हणतात.

मोठी बॅटरी उपाय नाही. 15 अँपिअरच्या चार्जरवर 220 एएच भरायला पंधरा तासांहून जास्त चांगली वीज लागते. ती तुमच्याकडे नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो, मग ती भरतच नाही. 150 एएचची ट्यूब्युलर पुरे: दोन पंखे, चार एलईडी, साधारण 150 वॅट, पाच तास. फ्रिज आणि मोटर त्यावर नको. पाणी फक्त डिस्टिल्ड, खुणेपर्यंतच. मेकॅनिक अ‍ॅसिड ओततो म्हणाला तर त्याला परत पाठवा: चार दिवस बॅटरी उठल्यासारखी वाटते, नंतर प्लेटा गळतात.

जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विचशिवाय (घर एका वेळी लाइनला किंवा जनरेटरला, एकालाच जोडणारा स्विच) जोडू नका. उलटी गेलेली वीज खांबावरच्या वायरमनला मारते.

शेतीपंपासाठी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आहे: शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5, अडीच एकरांपर्यंत 3 एचपी. घरच्या दिव्यांसाठी ती नाही.