सप्लायरने दिवाळीला पाठवलेली भेट रिटेल कंपनीच्या बायरने घ्यावी का?

घेऊ नका. सुकामेव्याचा डबासुद्धा नको.

तुम्ही लिहिलंय की खरेदी विभागात नवीन आहात, सगळे सहकारी घेतात, आणि परत केलं तर सप्लायर दुखावेल अशी भीती वाटते. मी सप्लायर आहे, म्हणून खात्रीने सांगते, कोणी दुखावत नाही. डबा परत आला की आमच्यातले बहुतेक जण सुटकेचा श्वास टाकतात. मनात म्हणतात, या बाईंना खूश ठेवायला वेगळं काही लागत नाही, मालावर लक्ष दिलं तरी पुरे, एवढं तरी कळतं.

सोलापुरात आमचा शेंगदाणा चटणीचा कारखाना आहे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या साखळी दुकानांत आमचा माल लागला. सुरुवात छान झाली, मग बायर बदलला. नवा बायर रेटवरून एक शब्द बोलला नाही. त्याने फक्त एका माणसाचा नंबर दिला, "हे तुमचं प्रमोशन बघतील" म्हणून. त्या माणसाच्या फर्मला दर महिन्याला आमच्या विक्रीच्या दोन टक्के द्यायचे, कन्सल्टन्सीचं बिल मिळेल, जीएसटीसकट. मी विचारलं, प्रमोशन म्हणजे नेमकं काय करणार? उत्तर आलं, "मॅडम, माल शेल्फवर राहील."

मी नाही म्हटलं. भांडण झालं नाही, धमकीही नाही. पीओ, म्हणजे मालाच्या ऑर्डरी, आटायला लागले. डोळ्यांच्या उंचीवरची चटणी सगळ्यात खालच्या फळीवर गेली. आमची गाडी त्यांच्या गोडाऊनला दिवसभर उभी, जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती, संध्याकाळी, आणि वर वेळ चुकवली म्हणून दंड. डॅमेजच्या डेबिट नोटा, म्हणजे बिलातून पैसे कापल्याच्या चिठ्ठ्या, यायच्या, पण डॅमेज झालेला माल कधी बघायला मिळाला नाही. पेमेंट साठ दिवसांवरून नव्वदच्या पुढे सरकलं. यातली एकही गोष्ट लाच म्हणून सिद्ध करता येत नाही.

घरात वाद पेटला तो तेव्हा. आमचे भाऊजी खरेदी बघतात. त्यांचं म्हणणं, दोन टक्क्यांनी काय होतं, धंद्यात सगळे देतात, देऊन मोकळे होऊ. मी हिशोब मांडला. साखळीचं मार्जिन, ऑफर, वाहतूक आणि डेबिट नोटा गेल्यावर आमच्या हातात जेमतेम सहा टक्के उरत होते. त्यातले दोन म्हणजे नफ्याचा तिसरा हिस्सा. तो भरून काढायचा कुठून? चटणीत शेंगदाणा, लसूण, तिखट, जिरं, मीठ, बस. स्वस्त करायला जागा एकच, शेंगदाणा. तुकडा आणि जुना, ओल लागलेला माल निम्म्या भावात मिळतो, तिखट-लसणात त्याचा वास लपतो. पण बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन असतं आणि ते भाजून पुरतं जात नाही. बायरच्या खिशात गेलेले पैसे असे गिऱ्हाइकाच्या ताटातून वसूल होतात. भाऊजींना हे आजही पटलेलं नाही.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. ब्रिटनमधल्या सेन्सबरीज या सुपरमार्केट साखळीच्या बटाटे खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याला 2012 साली लाचखोरीबद्दल तुरुंगवास झाला. सप्लायर कंपनी सेन्सबरीजलाच बटाटे चढ्या भावाने विकत होती आणि त्या वाढीव पैशांतून त्याची चैन चालली होती. तिथे खासगी नोकराने लाच घेणं 1906 पासून गुन्हा आहे. आपला 1988 चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा मुख्यतः लोकसेवकांसाठी आहे. खासगी कंपनीच्या बायरवर फार तर फसवणूक किंवा विश्वासघाताचा गुन्हा लावायचा, आणि तोही कंपनीने मनावर घेतलं तर.

कंपन्यांचंही ऐका. भिंतीवर "आम्ही भेटवस्तू स्वीकारत नाही" अशी पाटी, आणि आमची बिलं मात्र अडकलेली. टेस्को या ब्रिटनच्याच सुपरमार्केट साखळीत 2014 साली सप्लायरकडून येणाऱ्या रकमा आधीच धरून नफा फुगवल्याचं उघड झालं, आणि 2016 मध्ये तिथल्या किराणा क्षेत्राच्या नियामक ख्रिस्टीन टॅकन यांनी निष्कर्ष काढला की कंपनी सप्लायरचे पैसे जाणूनबुजून अडवत होती. त्यात कोणा बायरने पाकीट घेतल्याचा मुद्दा नव्हता. पण पेमेंट कधी सोडायचं हे जिथे एका माणसाच्या मर्जीवर असतं, तिथे पाकिटाची वाट आपोआप तयार होते. माझा खरा राग यावर आहे. आपल्याकडे 2006 च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं बंधन आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. 2023 साली प्राप्तिकरातही तरतूद आली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च वजा मिळत नाही. तरी थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करायला लहान सप्लायर धजत नाही, कारण पुढचा पीओ त्याच बायरकडून यायचा असतो.

मी त्या कन्सल्टन्सीचे मेसेज कंपनीच्या एथिक्स ईमेलवर पाठवले. बऱ्याच दिवसांनी ऑडिटमधून फोन आला, सगळं विचारून घेतलं, नंतर तो बायर दुसऱ्या विभागात गेला असं कानावर आलं. पुढच्या आढाव्यात आमची चटणीही काढून टाकली. भाऊजी म्हणतात, तेव्हा दिले असते तर आज दहा शहरांत असतो. मी म्हणते, तेव्हा दोन दिले असते तर पुढच्याने तीन मागितले असते, आणि ते मागायला त्याला आमचंच जुनं बिल पुरावा म्हणून मिळालं असतं.

आता थोडं राहिलेलं. कॅलेंडर, डायरी चालते का ते तुमच्या कंपनीच्या आचारसंहितेत बघा, बहुतेक ठिकाणी चालते. 45 दिवसांचा नियम उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना लागतो, नुसत्या व्यापाऱ्याला त्याचा फायदा नाही. सगळेच बायर तसे नसतात, आमच्या पहिल्या बायरने कधी चहाचे पैसेही आम्हाला देऊ दिले नाहीत. डबा परत करताना फोनवर बोलू नका, ईमेल करा आणि साहेबांना कॉपीत ठेवा. आणि त्या सप्लायरचं बिल तुमच्याकडे मंजुरीला पडून असेल, तर तेही त्याच दिवशी पुढे पाठवा.