शेततळ्यातले मासे एका रात्रीत मेले: आमची चूक तुम्ही करू नका

"ओढ्याचं पाणी मोटारीने घेतलं आणि सकाळी सगळे रोहू-कटला पोट वर करून तरंगत होते," हे तुमचं वाचलं आणि आमचा मे महिना आठवला. सीनेच्या काठावर आमचंही असंच तळं. पाणी किंचित निळसर दिसत होतं, पण उन्हाळ्यात पाणी मिळतंय म्हटल्यावर कोण बघतो ओ?

चुना, पाणी बदलणं वगैरे तुम्हाला माहीत असेलच. मला सांगायचंय ते वेगळंच: मासे कशाने मेले याचा पुरावा कसा जपायचा. वास सुटला, शेजारी ओरडायला लागला, म्हणून दुपारपर्यंत सगळे मासे खड्ड्यात घालून वर चुना टाकला. तिसऱ्या दिवशी कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरलं, गाडीच्या डिकीत टाकलं आणि उन्हातून सोलापूरला गेलो. एका कार्यालयातल्या साहेबांनी बाटली उघडलीसुद्धा नाही. "ऑक्सिजन कमी पडला, उन्हाळ्यात होतं असं." लेखी मागितलं तर हा विषय त्यांच्याकडे येत नाही म्हणे, पलीकडच्या इमारतीत जा. तिथून तिसरीकडे. राग आला, पण खरं सांगायचं तर त्या बाटलीत काही उरलंच नव्हतं. विरघळलेला ऑक्सिजन बाटलीत बदलत जातो, तो तळ्याच्या काठावरच रसायन घालून पक्का करावा लागतो. धातू तपासायला वेगळी बाटली, तीत नायट्रिक आम्ल. हे मला नंतर कळलं.

मासा घ्यायचा तो मेलेला नाही, कल्ले अजून हलवणारा. कल्ल्याचा तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणारं द्रावण), बाकीचा मासा बर्फावर. डीप फ्रीझरमध्ये ठेवू नका, पेशी फुटतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. कल्ले उघडून बघाच. आमचे पांढरट बुळबुळीत होते, शेंबूड लागल्यासारखे. तांबं, जस्त किंवा साबणासारखं रसायन गेलं की कल्ल्यांना असा चिकटा सुटतो, त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. अमोनियाचंही ध्यानात ठेवा. पीएच म्हणजे पाणी किती आम्ल की अल्क याचं माप. पीएच ७ ला अमोनियाचा जेमतेम एक टक्का विषारी रूपात असतो, पीएच ९ ला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. कॉस्टिक सोड्याचं पाणी आलं तर पीएच चढतो आणि तळ्यात आधीचाच अमोनिया घातक होतो.

आता कायद्याचं. मी वकील नाही, चुकत असेन तर जाणकारांनी सांगावं. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कोर्टात प्रदूषण मंडळाने रीतसर घेतलेला नमुनाच पुरावा धरतात, आपली बाटली नाही. म्हणून पहिल्या तासातच मंडळाला फोन, मेल आणि तलाठ्याचा पंचनामा. हरित लवादाचं (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचं) खंडपीठ पुण्यात आहे, भरपाईच्या अर्जाला पाच वर्षांची मुदत असते. नियमाप्रमाणे प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जगायला हवेत. आम्ही आता पाणी घेण्याआधी ओढ्याच्या पाण्याच्या बादलीत दहा बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडून एक दिवस थांबतो. बायको हसते, हसू दे.

कुणाचं पाणी होतं ते आम्हाला आजही सिद्ध करता आलेलं नाही, म्हणून नाव घेत नाही.

तुमचे मासे पहाटे मेले की भर दुपारी? आधी मोठे गेले की लहान? ऑक्सिजन कमी पडला तर बहुतेक पहाटे आणि मोठे आधी जातात. विषात लहान. कल्ल्यांच्या फोटोसकट लिहा, म्हणजे पुढचं बोलता येईल. आणि तो खड्डा अजून खणला नसेल तर थांबा.