डोळ्याचा पडदा (रेटिना) सुटलाय म्हणतात, पण त्रास काहीच नाही. ऑपरेशन करावं का?

वडील चष्म्याचा नंबर काढायला गेले आणि ‘पडदा सुटलाय, ऑपरेशन करा’ असं ऐकून आले. नजर मात्र ठीक आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग तारीख घ्यायच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: हे रेटिनोस्किसिस तर नाही ना?

यात पडदा मागच्या भिंतीपासून सुटत नाही, त्याचेच दोन पदर अलग होतात. उतारवयात होतं, बहुतेकदा कानाकडच्या खालच्या बाजूला, आणि पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत. म्हणून थेंब घालून दुसरा डोळाही नीट तपासायलाच हवा. फुगवटा गुळगुळीत असतो, डोळा फिरवला तरी हलत नाही. ओसीटी स्कॅन (पडद्याचे पदर दाखवणारी तपासणी) त्या फुगवट्यावरूनच काढायला सांगा. नुसता मधल्या भागाचा काढला तर फरक कळणारच नाही.

स्किसिस निघालं तर बहुतेकांना ठरावीक काळाने तपासणी पुरते. बाहेरच्या पदराला छिद्र पडून पडदा खरोखर सुटत चालला, तर गोष्ट वेगळी. आणि अचानक विजा चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके वाढले किंवा एका बाजूने सावली आली, तर दुसऱ्या मताची वाट न बघता त्याच दिवशी रेटिना तज्ज्ञाकडे न्या.